पंधरा ते एकोणीस

मेजरसाहेब, तुमचं वय माझ्या धाकट्या जावयाएवढं,
म्हणून नाव नीट वाचलंत याचंच आधी कौतुक वाटलं :
हवालदार रंगनाथ येसू कामठे, राहणार घोरपडी,
मूळ गाव दिवे घाटाच्या वर.
शर्ट वर करा म्हणालात. केला.
पोटावर एक बोट ठेवून दुसऱ्याने ठोकून पाहिलंत,
कलिंगड घेताना बघतात तसं,
आणि शेजारच्या क्लार्कला सांगितलंत,
पंधरा ते एकोणीस.

वीस लागतात.
हे मला बाहेर कळलं, वानवडीच्या त्या लांब व्हरांड्यात.
गुडघा गेलेला एक सुभेदार समजावत होता,
जसा मी दहावीला गचकलेला पोरगा :
विसाच्या खाली काही नाही, कामठे.
एकोणीस म्हणजे शून्यच, फक्त जरा सभ्य.

सोनोग्राफीच्या बाई यकृत म्हणाल्या.
कागदावर लिव्हर आहे.
आमच्याकडे काळीज म्हणतात,
खाटकाच्या दुकानातसुद्धा तेच मागतात.
भरतीच्या दिवशी आई म्हणाली होती,
रंगा, काळीज दगडाचं कर.
केलं, आये.
रिपोर्टात आलंय तसं : कडक, खडबडीत, आकसलेलं.
आणि काळजाचं पाणी होतं म्हणतात, तेही झालं.
मार्चमध्ये सुईने काढलं, साडेतीन लिटर,
पिवळट, उसाच्या पातळ रसासारखं.
कलावती बरणीकडे बघत राहिली.
तिला वाटलं असेल, एवढं सगळं हे कधी बोलले नाहीत.

मग फॉर्मवरची नजर न काढता विचारलंत : दारू?

पीत होतो, साहेब.
उणे अठराला, ताटलीतला भात वाजायचा तेव्हा.
एक माप, रजिस्टरात सही करून.
माप सरकारी, बाटली सरकारी,
ओतणारा हातही सरकारी.
काळीज तेवढं खाजगी निघालं.
खाली आल्यावर थेंब नाही.
कँटीनचा कोटा सोसायटीचा सेक्रेटरी नेतो,
आणि तोच जिन्यात सांगतो,
फौजी माणूस, पोट सुटणारच.

रक्ताचं मी तुम्हाला सांगितलंच नाही.
दरड आली, मांडी फाटली, रस्ता दोन्हीकडून बंद.
तंबूत एक कंदील.
डॉक्टरने रांग लावली, माझ्या गटाचा एकटाच निघाला,
लंगरातला थंगवेलू.
कोपरापर्यंत पीठ तसंच,
बाही सारून माझ्या शेजारी आडवा झाला.
तपासायला काय होतं तिथे?
रक्त लाल होतं, गरम होतं.
सकाळी मी जिवंत होतो
आणि तो पुऱ्या तळत होता.

वकील म्हणतो, हाच मुद्दा आहे,
सेवेमुळे नाही हा शिक्का यानेच पुसला जाईल.
कलावतीही तेच म्हणते, जरा मोठ्याने.
पण कागदावर ते दिसेल कसं?
आजाराचं कारण : थंगवेलू.
त्याच्या रक्तावर पस्तीस वर्षं चाललो,
दोन मुलींची लग्नं केली,
त्याला आता आरोपी म्हणून हजर करू?
त्याचंही पोट कुणी ठोकून बघत असेल का,
तिकडे वेल्लोरच्या बाजूला?
त्याला किती दिले असतील?

येताना घोरपडीचं फाटक बंद.
मालगाडी लागली, टँकरांची, संथ.
सवयीने ओठ हलायला लागले.
कलावती म्हणाली, काय मोजताय?
म्हटलं, काही नाही.
अपिलाचा अर्ज तिच्या पिशवीत,
बिनमिठाच्या डब्याखाली,
सातवा रकाना कोरा.
शेवटचा डबा गेला. फाटक उघडलं.
मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला,
तो देत राहिला.